टेनिसचा पंच होऊन, मराठवाड्यात राहून, नियमित काम मिळू शकते का?

गोदातीर (नांदेड)

सर्व सदस्यांना नमस्कार.

मी नांदेडचा असून माझे वय २६ वर्षे आहे. बी.पी.एड. झालेले आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या टेनिस संघातून दोन वर्षे खेळलो. सध्या एका शाळेत तासिका तत्त्वावर क्रीडाशिक्षक आहे आणि सायंकाळी एका कोर्टावर मुख्य प्रशिक्षकांच्या हाताखाली लहान मुलांना शिकवतो. खेळाडू म्हणून मी फार पुढे जाणार नाही, हे मला केव्हाच उमगले आहे आणि त्याचे दुःखही नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडची दोन मुले छत्रपती संभाजीनगरला कनिष्ठ गटाच्या स्पर्धेसाठी गेली, तेव्हा त्यांच्यासोबत मीही गेलो होतो. रेफरींचा, म्हणजे स्पर्धेच्या मुख्य पंचांचा, एक सहायक ऐनवेळी आजारी पडला, म्हणून त्यांनी मला चार दिवस फिरता पंच म्हणून कोर्टांवर उभे केले. दुसऱ्या दिवशी बारा वर्षांखालील दोन मुलींमध्ये गुणसंख्येवरून वाद झाला. एक म्हणत होती ४०-३०, दुसरी म्हणत होती ३०-४०, आणि दोघींचे पालक जाळीबाहेरून आपापला आकडा ओरडून सांगत होते. मला निर्णय देता आला नाही. रेफरी आले, त्यांनी पालकांना शांतपणे मागे जायला सांगितले, मुलींना त्या गेममधला एकेक गुण क्रमाने आठवायला लावला, आणि केवळ पहिल्या गुणाबद्दलच दोघींचे एकमत नाही हे लक्षात आल्यावर खेळ ३०-३० पासून पुढे सुरू करून दिला. दोन मिनिटांत दोघी पुन्हा खेळू लागल्या. हे काम आपल्याला यायला हवे, असे मला तेव्हापासून वाटत आहे.

माझ्या शंका अशा आहेत. सुरुवात नेमकी कोठून करावी, आणि खेळाडू म्हणून मानांकन नसलेल्या माणसाला या क्षेत्रात कोणी विचारते का? मोठ्या स्पर्धांतून रेषापंच काढून टाकले जात आहेत असे वाचतो; मग आज या वाटेला लागण्यात काही अर्थ उरला आहे का? आमची अर्धापूर तालुक्यात केळीची बाग आहे. वडील विरोध करत नाहीत, पण त्यांचा एकच प्रश्न आहे: "महिन्याला किती दिवस काम मिळेल ते सांग, मग आपण ठरवू." त्यांना काय उत्तर द्यावे, हे मला अद्याप कळलेले नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना रेफरी (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार. तुमच्या वडिलांनी विचारलेला प्रश्न अगदी रास्त आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो.

टेनिसमध्ये पगारी पंच जगभरात मोजकेच आहेत. एटीपी व डब्ल्यूटीए (पुरुषांचा व महिलांचा व्यावसायिक दौरा चालवणाऱ्या संघटना) आणि आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ यांच्याकडे काही चेअर अंपायर (उंच खुर्चीत बसून सामना चालवणारे पंच) आणि सुपरवायझर (स्पर्धेवर देखरेख करणारे) कायम नोकरीत असतात; बाकी सर्वांना स्पर्धेपुरते बोलावले जाते आणि दिवसाप्रमाणे मानधन दिले जाते. राहण्याजेवणाची सोय बहुतेक वेळा आयोजक करतात. प्रवासखर्चाचे मात्र होकार देण्यापूर्वीच विचारून घ्यावे, कारण नांदेडहून पुण्या-मुंबईला जाणाऱ्या माणसाच्या मानधनाचा मोठा भाग तिकिटांतच संपू शकतो. मला स्वतःला पहिल्या वर्षी सगळे मिळून तीन आठवड्यांचेही काम मिळाले नव्हते. महिन्यातून दहा-बारा दिवस काम मिळू लागायला पाच वर्षे गेली, आणि त्या पाच वर्षांत मी नोकरी सोडली नाही. वडिलांना तुम्ही हेच सांगा: पहिली दोन-तीन वर्षे हे काम घर चालवणार नाही, शाळा आणि बाग दोन्ही सांभाळूनच ते करावे लागेल, आणि सुट्ट्यांचे दिवस घरच्यांसाठी उरणार नाहीत, कारण मुलांच्या स्पर्धा नेमक्या सुट्ट्यांतच असतात.

रेषापंचांविषयीची तुमची शंका खरी आहे. २००६ पासून हॉक-आय, म्हणजे चेंडू कोठे पडला हे कॅमेऱ्यांनी टिपणारे यंत्र, वापरात आले, तेव्हा ते खेळाडूने दाद मागितल्यावर निर्णय तपासून पाहण्यापुरते होते. २०२१ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये एकाही कोर्टावर रेषापंच नव्हता. २०२५ पासून एटीपीच्या मुख्य दौऱ्यावरील स्पर्धांत रेषेचे निर्णय यंत्र देऊ लागले आणि त्याच वर्षी विम्बल्डननेही १४७ वर्षांची प्रथा थांबवली. फ्रेंच ओपनने त्या वर्षीही रेषापंच ठेवले, पण तेवढ्यावर कोणाचे घर चालणार नाही. आमच्या पिढीतले बहुतेक पंच रेषेवर उभे राहूनच वर गेले. चेंडूपेक्षा आधी रेषेवर नजर कशी नेऊन ठेवायची, आवाज कसा लावायचा, आपली चूक झाली तर ती क्षणात जाहीर करून कशी दुरुस्त करायची, हे सगळे तिथेच अंगवळणी पडत असे. ती पायरी निखळत चालली आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तरीही नियमित काम आहे, आणि ते तुम्ही त्या चार दिवसांत जिथे उभे होता तिथेच आहे. आपल्याकडील कनिष्ठ गटांच्या स्पर्धांत सुरुवातीच्या फेऱ्यांचे बहुतेक सामने चेअर अंपायरविना खेळले जातात. प्रत्येक खेळाडू आपल्या बाजूच्या रेषांचा निर्णय स्वतः देतो, सर्व्हिस करणारा प्रत्येक गुणाआधी गुणसंख्या मोठ्याने सांगतो, आणि तीन-चार कोर्टांवर मिळून एक फिरता पंच असतो. परभणीच्या किंवा बीडच्या मुरुमाच्या कोर्टावर कॅमेऱ्यांची यंत्रणा बसवायला कोणी येणार नाही. तिथे नियम जाणणारा माणूसच लागतो. म्हणून आंतरराष्ट्रीय महासंघाचे नियमपुस्तक उघडाल तेव्हा चेअर अंपायरविना होणाऱ्या सामन्यांची कार्यपद्धती सर्वांत आधी पाठ करा. तुम्ही सांगितलेला ३०-३० चा निर्णय त्यातलाच आहे: ज्या गुणांबद्दल दोघांचे एकमत आहे ते कायम राहतात. दुसरे उदाहरण सांगतो. एखाद्या मुलाने चेंडू "आउट" दिला आणि लगेच त्याच्या लक्षात आले की चेंडू आत होता, तर तो गुण पुन्हा खेळायचा. परंतु समोरच्याचा तो फटका गुण जिंकून देणाराच असेल, किंवा त्याच मुलाने त्या सामन्यात आधी एकदा अशी चूक केलेली असेल, तर गुण त्याने गमावला. हा दुसरा भाग माहीत नसलेले पंच मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि दर वेळी नुकसान होते ते प्रामाणिक मुलाचे. मुरुमाच्या कोर्टावर चेंडूचा ठसा पाहण्याचेही नियम आहेत. कोणता ठसा त्या चेंडूचा हेच ठरवता आले नाही, तर मूळ निर्णय कायम राहतो.

याच वाटेने पुढे रेफरीचे काम येते, आणि माझ्या मते मराठवाड्यात राहणाऱ्या माणसाने त्याच्यावरच लक्ष ठेवावे. एका स्पर्धेत चेअर अंपायर कमी-अधिक चालतात, रेफरीशिवाय मात्र स्पर्धाच उभी राहत नाही. साइन-इन (खेळाडूंची हजेरी), ड्रॉ (कोण कोणाशी खेळणार याची सोडत), दिवसाचे वेळापत्रक, कोर्टाची स्थिती, पाऊस, ऊन, पालक, आणि शेवटी संघटनेकडे जाणारा अहवाल, हे सगळे त्याच्याकडे असते. एखादी गोष्ट घडली की नाही यावर चेअर अंपायरचा निर्णय अंतिम असतो, पण नियमाचा अर्थ काय लावायचा यावर खेळाडू दाद मागू शकतो आणि तिथे रेफरीचा शब्द चालतो. ड्रॉ हाताने काढण्याचा सराव आजपासून घरी करा. समजा २७ नावे आली. ड्रॉ ३२ चा होईल, पाच बाय (पहिल्या फेरीत न खेळता पुढे चाल) द्यावे लागतील आणि ते पहिल्या पाच मानांकितांना मिळतील. पहिला मानांकित पहिल्या ओळीवर, दुसरा बत्तिसाव्या ओळीवर, आणि तिसरा-चौथा चिठ्ठी काढून नवव्या व चोविसाव्या ओळीवर. आता संगणक हे करून देतो, पण एखादा पालक रात्री नऊ वाजता येऊन "माझ्या मुलालाच पहिल्या फेरीत मानांकित का आला?" असे विचारतो, तेव्हा त्याच्यासमोर ते कागदावर मांडून दाखवता आले पाहिजे.

सुरुवातीचे म्हणाल, तर आधी जिल्हा संघटनेकडे आणि तिच्यामार्फत महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटनेकडे आपले नाव लेखी कळवा आणि पंचांच्या पुढच्या कार्यशाळेची चौकशी करा. मानांकन कोणी विचारत नाही. त्याच वेळी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातही जाऊन भेटा. शालेय क्रीडा स्पर्धांत लॉन टेनिस आहे, नांदेड जिल्हा लातूर विभागात येतो, आणि जिल्हा व विभाग पातळीवर नियम जाणणाऱ्या पंचांची चणचण असते. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धाही सोडू नका. मानधन थोडे असेल, पण वर्षभरात पन्नास-साठ सामने डोळ्यांखालून जातील.

पिशवीत मोजपट्टी कायम ठेवा. जाळी मध्यभागी ०.९१४ मीटर असायला हवी. दुहेरीच्या जाळीवर एकेरीचा सामना असेल, तर जाळीला आधार देणाऱ्या एकेरीच्या काठ्या एकेरीच्या बाजूच्या रेषेच्या बाहेर ०.९१४ मीटरवर लावाव्या लागतात. सकाळी सहा वाजता हे मोजणारा रेफरी आयोजकांच्या लक्षात राहतो. आणखी एक, आपल्या भागापुरते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या काळात आमच्याकडच्या मुरुमाच्या कोर्टांवरही पाणी मारणे बंद होते. पृष्ठभाग भुसभुशीत होऊन मुलांचे पाय घसरत होते. त्या हंगामात मी एक स्पर्धा कोर्ट खेळण्यायोग्य नाही म्हणून पुढे ढकलायला लावली. आयोजक नाराज झाले आणि दोन वर्षे त्यांनी मला बोलावले नाही. तो निर्णय मी आजही तसाच घेईन.

एक खटकलेली गोष्टही लिहितो. तुमच्याकडची दोन मुले ज्या स्पर्धेत खेळत होती, तिथेच तुम्ही पंच म्हणून उभे राहिलात. त्यांच्या सामन्यांवर तुम्ही नव्हता ना?

मांजराकाठची (लातूर)

सरांच्या म्हणण्याशी मी बहुतांशी सहमत आहे. मात्र चेअर अंपायरच्या खुर्चीची आशाच सोडावी, असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये, म्हणून लिहीत आहे.

पुण्यात बालेवाडीला २०१८ ते २०२३ या काळात महाराष्ट्र ओपन ही एटीपीची स्पर्धा होत असे. तिच्यात मी तीन वेळा रेषापंच होते. लातूर-मुंबई एक्स्प्रेसने रात्री निघायचे, पहाटे पुण्याला उतरायचे आणि तयार होऊन थेट बैठकीला हजर व्हायचे, असा तो आठवडा असे. ती स्पर्धा थांबली आणि माझ्यासारख्या अनेकींचे वर्षातले सर्वांत मोठे काम गेले. त्या वेळी मी हे सर्व सोडण्याच्या विचारात होते. सोडले नाही, याचे कारण सोलापूर. तिथे आंतरराष्ट्रीय महासंघाच्या महिलांच्या स्पर्धा होतात आणि लातूरहून एसटीने तिथे सहज जाता येते. अशा स्पर्धांत यंत्र नसते. चेअर अंपायरला स्वतःच्या डोळ्यांवर आणि मोजक्या सहकाऱ्यांवरच सामना चालवावा लागतो. म्हणून खुर्चीवर बसू शकणाऱ्या माणसाला आजही मागणी आहे, फक्त तिथवर पोहोचण्याआधी रेषेवर मिळणारा सराव आता स्थानिक स्पर्धांत स्वतःहून मिळवावा लागतो.

बॅजविषयी, म्हणजे पंचाच्या दर्जाविषयी, थोडक्यात सांगते. आंतरराष्ट्रीय पातळीवर चेअर अंपायरसाठी व्हाइट, ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड असे बॅज आहेत; रेफरी आणि चीफ अंपायरसाठी (पंचांच्या नेमणुका पाहणाऱ्यासाठी) व्हाइट, सिल्व्हर आणि गोल्ड. आंतरराष्ट्रीय वर्गासाठी नाव राष्ट्रीय संघटनेकडून जावे लागते, आणि ते जाण्याआधी देशांतर्गत स्पर्धांत तुमचे काम वरिष्ठांनी पाहिलेले असावे लागते. लेखी परीक्षा इंग्रजीत असते आणि प्रात्यक्षिकही असते. मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजीची भीती बाळगू नये, पण तयारी मात्र रोज करावी. मी स्वयंपाकघरात मोठ्याने गुणसंख्या म्हणत असे, सर्व्हिस करणाऱ्याची आधी आणि समोरच्याची नंतर, आवाज न चढवता शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल अशी. दोन गुणांमध्ये २५ सेकंद, बाजू बदलताना ९० सेकंद, सेट संपल्यावर १२० सेकंद. हे आकडे विचार न करता ओठांवर यायला हवेत. आचारसंहितेची क्रमवारीही तशीच: आधी ताकीद, मग एक गुण, मग एक गेम. वेळेच्या उल्लंघनाचा हिशेब मात्र वेगळा असतो. तिथे पहिल्या ताकिदीनंतर सर्व्हिस करणाऱ्याची पहिली सर्व्हिस जाते आणि परतवणाऱ्याचा गुण जातो. नवे पंच हे दोन्ही एकत्र करतात आणि घोळ होतो.

यंत्र आल्यावर पंचाचे काय काम, असे मला घरीदारी विचारले जाते. २०२५ च्या विम्बल्डनमध्ये सेंटर कोर्टवर पाव्ल्युचेन्कोवा आणि कार्टल यांच्या सामन्यात रेषेची यंत्रणा कोर्टाच्या एका बाजूला चुकून बंद राहिली होती. चेंडू बाहेर पडला, यंत्र गप्प राहिले, आणि चेअर अंपायरने तो गुण पुन्हा खेळायला लावला. त्यावरून बरीच टीका झाली. मी तो प्रसंग अनेकदा पाहिला आहे. रेषेवर माणूस नसताना खुर्चीतल्या माणसाने डोळे मिटून यंत्रावर विसंबायचे, की स्वतःही प्रत्येक चेंडू पाहत राहायचे? मी दुसऱ्या पक्षाची आहे, आणि नव्या पंचांनी तशीच सवय लावून घ्यावी असे मला वाटते.

हे वाचणाऱ्या मुलींसाठी एक गोष्ट लिहिते. राहण्याची व्यवस्था कोठे आहे, खोली कोणासोबत आहे आणि रात्री उशिरा सामना संपल्यावर परत कसे जायचे, हे होकार देण्याआधी विचारा. असे विचारले म्हणून मला एका ठिकाणी "फार अटी घालता" असे ऐकावे लागले. त्या ठिकाणी मी गेले नाही.

जालन्याचा पालक

माझी मुलगी चौदा वर्षांखालील गटात खेळते आणि गेली काही वर्षे मी स्थानिक स्पर्धेच्या आयोजन समितीत आहे, म्हणून बोलावणाऱ्यांच्या बाजूने लिहितो. आम्ही पंच निवडतो तेव्हा बॅज पाहतोच, पण खरे पाहतो ते एवढेच की माणूस सांगितलेल्या दिवशी सकाळी सामने सुरू होण्याच्या तासभर आधी पोहोचतो का, आणि मोठ्या शहरातून दुसरे बोलावणे आले म्हणून आमचे काम आदल्या दिवशी सोडतो का. एका वर्षी असे झाले आणि आम्हाला दोन गटांचे सामने एका दिवसाने पुढे न्यावे लागले. बाहेरगावच्या पालकांनी मुक्काम वाढवला, कोणाची रजा संपली होती. त्या गृहस्थांना नियम उत्तम येत होते, तरी त्यानंतर आम्ही त्यांना बोलावले नाही.

दुसरे असे की, पालकांशी बोलण्याची रीत ज्याला येते तो आम्हाला हवा असतो. आमच्यातले काही जण जाळीला नाक लावून उभे राहतात, मीही राहिलो आहे. अशा वेळी मुलासमोर बापाचा अपमान न करता त्याला मागे नेणारा पंच मिळाला, तर स्पर्धा शांततेत पार पडते. तुम्ही वर्णन केलेल्या रेफरींनी केले ते हेच.

गोदातीर (नांदेड)

आपण सर्वांनी इतका वेळ देऊन लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार.

जुना रेफरी सर, आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर देतो. आमच्या दोन मुलांपैकी एकाचा पहिल्या फेरीचा सामना माझ्याकडच्या कोर्टांवरच होता. वाद काही झाला नाही, पण त्याला अडचण आली असती तर मलाच जावे लागले असते, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आले नव्हते. ही चूक होती का? तसे असेल, तर प्रशिक्षण आणि पंचगिरी ही दोन्ही कामे एकाच माणसाने करूच नयेत असा नियम आहे का? शिकवणीचे पैसे एकदम सोडणे मला परवडणारे नाही.

जुना रेफरी (छत्रपती संभाजीनगर)

चूक होती, पण ती तुमच्यापेक्षा तुम्हाला तिथे उभे करणाऱ्याची अधिक. त्यांनी आधी विचारायला हवे होते आणि तुम्ही न विचारताही सांगायला हवे होते. खेळाडूशी नाते असेल, त्याला शिकवत असाल, त्याच्या घरच्यांशी व्यवहार असेल, तर ते स्पर्धा सुरू होण्यापूर्वी रेफरीला कळवायचे आणि त्या सामन्यापासून दूर राहायचे, ही या कामातली पहिली शिस्त आहे. टेनिसवर पैजा लावणे तर पंचाला पूर्णपणे निषिद्ध आहे, मग ती रक्कम दहा रुपये का असेना आणि सामना जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातला का असेना. सामना चालू असताना मोबाइलवर कोणी गुणसंख्या विचारली, तरी सांगू नका. असे विचारणारे लोक छोट्या स्पर्धांतही येऊ लागले आहेत.

शिकवणी लगेच सोडा, असे मी म्हणणार नाही. नांदेडमध्ये शिकवा आणि पंच म्हणून शक्यतो अशा गटांत काम करा जिथे तुमची मुले खेळत नाहीत. तुम्ही शिकवता ती मुले लहान गटांतली आहेत, म्हणून पुरुष-महिला गट, अठरा वर्षांखालील गट किंवा विद्यापीठाच्या स्पर्धा सुरुवातीला मागून घ्या. पुढे काम वाढले की दोन्हींपैकी एक निवडावे लागेल. मी निवडले तेव्हा माझ्या शिकवणीतली अकरा मुले मी दुसऱ्या प्रशिक्षकांकडे सोपवली. त्यांतल्या दोघांच्या सामन्यांना पुढे कित्येक वर्षे मी पंच म्हणून उभा राहिलो नाही.

मांजराकाठची (लातूर)

एक राहिले होते. अर्ज करण्याआधी डोळे तपासून घ्या आणि नेत्रतज्ज्ञांचे प्रमाणपत्र जपून ठेवा. आंतरराष्ट्रीय पातळीवर चेअर अंपायरला ते दर वर्षी द्यावे लागते. चष्म्याने काही अडत नाही. मी स्वतः चष्मा लावते.

शिवाय एक वही करा. प्रत्येक सामन्याची तारीख, गट, तुमची भूमिका आणि त्या दिवशी अडलेला नियम तिच्यात लिहा. माझ्या वहीची पहिली तीन पाने चुकांनीच भरलेली आहेत, आणि राज्य संघटनेच्या कार्यशाळेत मी विचारलेले सगळे प्रश्न त्याच पानांवरून घेतले होते.

गोदातीर (नांदेड)

ताई, आज रविवार असल्याने नेत्रतज्ज्ञांकडे उद्या जाईन. वही आणली असून, पहिल्या पानावर तो ४०-३० चा सामना आणि दुसऱ्या पानावर आमच्या मुलाचा सामना लिहिला आहे. जिल्हा संघटनेला द्यायचे पत्र तयार केले आहे. त्यात मी कोणत्या कोर्टावर कोणत्या गटातल्या मुलांना शिकवतो, हेही नमूद केले आहे. वडिलांना सरांचे पूर्ण उत्तर वाचून दाखवले. त्यांनी तीन आठवड्यांचा आकडा दोनदा विचारून घेतला आणि केळीची काढणी कोणत्या महिन्यांत येते त्याप्रमाणे कोणत्या स्पर्धा घेता येतील, हे कागदावर लिहायला सांगितले आहे.